नोव्हायच्या तळघरातले जलरंग

पुण्यात ऑगस्टमध्ये कागदावर एक सपाट वॉश द्यावा, चहा टाकावा, तो पिऊन कपबशी विसळून परत यावं, तरी कागद ओलाच. नोव्हायला जानेवारीत तोच वॉश कागदाच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचायच्या आत वरून वाळलेला असतो. यात हाताचा दोष नसतो. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस असताना ती हवा आत येऊन फर्नेसवर २१ अंशांपर्यंत तापली, की तिच्यातली आर्द्रता दहाएक टक्क्यांवर येते. ह्युमिडिफायर लावून ती पंचवीस-तीसपर्यंत नेता येते. त्यापुढे नेली तर खिडक्यांच्या काचांवर पाणी धरतं. पुण्याचा पावसाळा ऐंशीच्या घरातला. इथे ओठ फुटतात, लाकडी जमिनीच्या फटी रुंदावतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, आणि शाळेपासून जलरंग वापरणाऱ्या माणसाला आपण काहीच शिकलो नाही असं वाटू लागतं.

डेट्रॉइटच्या वायव्येच्या उपनगरांपैकी नोव्हाय हे एक. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६६,२४३. दक्षिण सीमेवर एट माइल रोड, उत्तर सीमेवर फोर्टीन माइल. डेट्रॉइटच्या मध्यापासून मोजलेले मैल हीच इथल्या रस्त्यांची नावं. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची तांत्रिक केंद्रं या पट्ट्यात आहेत, म्हणून जपानी कुटुंबं मोठ्या संख्येने आली आणि त्याच कारणाने पुण्या-पिंपरीची, नाशिकची, कोल्हापूरची मराठी घरंही आली. टाफ्ट रोडवर वेंकटेश्वराचं देऊळ आहे, टेन माइलवर मोठं सार्वजनिक ग्रंथालय आहे, ट्वेल्व्ह ओक्स नावाचा १९७७ पासूनचा मॉल आहे. बाहेरून पाहणाऱ्याला इथे कलेचं काही चालत असेल असं वाटणार नाही. कारण ते चालतं ते जमिनीखाली.

मिशिगनच्या घराला बेसमेंट असतंच. एका बाजूला वॉशर-ड्रायर, मधे मुलांच्या जुन्या सायकली आणि भारतवारीच्या रिकाम्या बॅगा, कोपऱ्यात घुरघुरणारा फर्नेस आणि त्याच्या पलीकडे एक फोल्डिंग टेबल. टेबलावर टेबल लँप, काचेच्या दोन बरण्यांत पाणी, जुन्या टी-शर्टाच्या चिंध्या. शेजारच्या कपाटात गेल्या गणपतीचं मखर सुटं करून ठेवलेलं. दिवसभर ब्रेकच्या चाचण्या घेणारी बाई रात्री साडेनऊनंतर इथे खाली येऊन शनिवारपेठेतला वाडा रंगवते. कुणी क्विलिंग करतं, कुणी मातीचे दागिने. सहा महिन्यांसाठी आलेली एखादी सासूबाई बाहेर अंगण नाही म्हणून काळ्या कार्डबोर्डवर पांढऱ्या पोस्टर कलरने चैत्रांगण काढते. मी या सगळ्यांतलीच एक, त्यामुळे तटस्थपणाचा दावा करणार नाही.

इतकी माणसं इथे येऊन पुन्हा ब्रश का धरतात, याचं हळवं उत्तर लगेच सुचतं: मायदेशाची आठवण. ते थोडंसं खरं आहे. जास्त खरं उत्तर इमिग्रेशनच्या कायद्यात आहे. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून त्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेला आहे त्यांना, कामाचा परवाना मिळू लागला. त्याआधी आलेल्या आणि अजून तो टप्पा न गाठलेल्या बायकांमध्ये इंजिनिअर आहेत, आर्किटेक्ट आहेत, बँकेत अधिकारी असलेल्या आहेत. मूल शाळेत गेल्यावर उरलेल्या दिवसाचं करायचं काय? बाहेर बर्फ, गाडी नवऱ्याकडे. कितीतरी जणींचा रंगांचा डबा तेव्हा उघडला.

यातली मेख पुढे आहे. काढलेलं चित्र विकायचं नाही. एच-फोरवर परवान्याशिवाय ऑनलाइन दुकान मांडलं किंवा मेळ्यात टेबल लावून पणत्या विकल्या, तर ते बेकायदा काम ठरू शकतं आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अंगाशी येऊ शकतं. वकील एकच सल्ला देतात: नको. म्हणून ही चित्रं वाढदिवसाला दिली जातात, बारशाला दिली जातात, घर घेतलेल्यांच्या वास्तुशांतीला दिली जातात. नोव्हाय, नॉर्थव्हिल, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या गावांतल्या मराठी घरांच्या भिंतींवर चांगल्या दर्जाचे जलरंग लागलेले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना कधी किंमतच लागलेली नाही. न विकण्याची सवय मग हातात मुरते. परवाना आल्यावरही किंमत सांगायला जीभ रेटत नाही.

हात मात्र बहुतेकांचा तयार असतो आणि त्याचं श्रेय आपल्या ड्रॉइंग ग्रेड परीक्षांना द्यायला हवं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली माणसं अमेरिकेत चटकन ओळखू येतात. वस्तुचित्रात लोटा, वांगं आणि घडीचा पडदा ज्याने काढला आहे, तो कुठल्याही टेबलावरच्या वस्तूची उंची पेन्सिल समोर धरून, एक डोळा मिटून मोजतो. स्मरणचित्रात जत्रा काढलेली असल्यामुळे माणसांचा घोळका त्याला भीती घालत नाही. संकल्पचित्राची भूमिती तर थेट मखराच्या कमानीत उतरते. मी शाळेत असताना या परीक्षांवर आम्ही सगळेच वैतागायचो, आणि त्यात साचेबद्धपणा होता हेही खरं. पण इथल्या कम्युनिटी क्लासमध्ये पन्नाशीतली माणसं पहिल्यांदा लंबवर्तुळ काढायला शिकताना पाहिली की आपल्या ड्रॉइंगच्या सरांना मनातल्या मनात नमस्कार जातो.

परीक्षेच्या रंगांच्या डब्यातल्या वड्यांची नावं अजून पाठ असतात: क्रिमसन लेक, गॅम्बोज, प्रशियन ब्लू, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना. कॅमलच्या रंगांवर वाढलेल्या पिढ्यांची ही बाराखडी. १९३१ साली गिरगावात दांडेकरांनी शाईची पूड बनवायला सुरुवात केली, तिचीच पुढे कॅमलिन झाली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. ग्रँड रिव्हर रस्त्यावरून जाताना जपानी पाट्या पाहिल्या की मला हे हटकून आठवतं. जपानी शेजारणीशी बोलायला एक विषय कायमचा तयार असतो.

इथे आल्यावर मोठ्या ट्यूबांकडे माणसं वळतात ती टिकाऊपणासाठी. अलिझरिन क्रिमसन खिडकीतल्या उन्हाने काही वर्षांत फिका पडतो. इथे घराच्या दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यातलं ऊन खालून तिरपं येतं आणि थेट समोरच्या भिंतीवर पडतं, म्हणून हे जास्त जाणवतं. गॅम्बोजचंही तेच. तो मूळचा गार्सिनिया जातीच्या झाडाचा पिवळा चीक. आपला कोकम त्याच कुळातला. आता त्या नावाने मिळतो तो कारखान्यातला रंग, आणि तो टिकतो. रंग कागदाला धरून ठेवणारा डिंक मात्र अजून बाभळीच्या जातीच्या झाडाचाच. जपानी होल्बाइनच्या पारंपरिक जलरंगात बैलाचं पित्त घालत नाहीत, म्हणून ओल्या कागदावर तो रंग कमी धावतो आणि कोरड्या हवेत थोडा काबूत राहतो. शाकाहारी चित्रकारांसाठी ही चांगली बातमी, पण फार हुरळून जाऊ नये. आर्शसारख्या नामांकित फ्रेंच कागदाला वरून जिलेटिनचा हात दिलेला असतो, आणि उत्तम ब्रश कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. टोक साधायला तोच ब्रश ओठांत धरणाऱ्या, एकादशी करणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

आता हवेचा प्रश्न सोडवायचा कसा, ते जरा बारकाईने सांगते, कारण नव्याने येणाऱ्यांना ते कुणी सांगत नाही. कागद ३०० ग्रॅमचा, पूर्ण सुती, मध्यम खरखरीत. आधी तो उलटा करून मागची बाजू स्पंजने भिजवायची, मग पालटून पुढची, आणि पुन्हा एकदा दोन्ही. टेबलावर ॲक्रिलिकची जाड शीट. तिच्यावर भिजलेला कागद आपोआप चिकटतो आणि खालून पाणी सुटायला वाट राहत नाही. छतातल्या गरम हवेच्या जाळीवर पुठ्ठा लावायचा, नाहीतर फर्नेस सुरू झाला की एका कोपऱ्यातून कागद सुकायला लागतो. रंग आधीच वाटीत कालवून ठेवायचा आणि भरपूर, कारण मधे थांबून पुन्हा कालवायला सवड नाही. मग कागदाकडे आडव्या उजेडात बघत राहायचं. वर पाणी चमकत असतं तोवर हात आवरायचा. चमक विझली आणि नुसती ओल राहिली की मोठ्या ब्रशने आभाळ उतरवायचं.

त्या दोन अवस्थांमधला वेळ पुण्यात गप्पा मारण्याइतका असतो, इथे ब्रश उचलण्यापुरता. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जो करडा रंग येतो, त्यात निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि करड्यातून निळं डोकावतं. ही जलरंगातली फुकटची श्रीमंती. पण कण खाली बसायला पाणी काही काळ कागदावर टिकावं लागतं. पाणी लवकर उडून गेलं तर करडा निव्वळ करडा राहतो. म्हणून हिवाळ्यात इथे जे लोक मन लावून काम करतात, त्यांचा सगळा खटाटोप पाणी धरून ठेवण्याचा असतो. कोकणातल्या चित्रकाराचा खटाटोप पाणी घालवण्याचा. दोन्हीकडे शिकलेला हात हा वेगळाच हात होतो, आणि माझ्या मते परदेशात राहून चित्र काढणाऱ्याची खरी कमाई तीच आहे. इथल्या घरात बसून फोटोवरून वाड्याचं चौथं, पाचवं चित्र काढण्यात ती नाही.

हे मत काही मैत्रिणींना पटत नाही. वाडा, बैलगाडी, पंढरीची वारी, पावसातली लालपरी: या चित्रांना मागणी आहे, ती पाहून पाहुण्यांचे डोळे भरतात, हे मी नाकारत नाही. पण जलरंगाचं माध्यम समोरच्या उजेडावर जगतं. फोनच्या पडद्यावरचा फोटो सावलीतला रंग काळा करून टाकतो, आणि फोटोवरून काढलेल्या वाड्याच्या सावल्या म्हणूनच मेलेल्या असतात. सावळाराम हळदणकरांनी हातात समई धरलेल्या बाईचं चित्र केलं. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं ते चित्र ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने जगभर पोहोचलं आणि कित्येक जण अजून ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे. त्यासाठी हळदणकरांनी आपल्या मुलीला दिवा घेऊन उभं केलं होतं. त्या गीता उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात १०२ व्या वर्षी गेल्या. बोटांच्या फटींतून आलेला तो तांबूस उजेड अंदाजाने काढता आला नसता. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. कुठे हात लावायचा नाही हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि ते समोर पाहिल्याशिवाय ठाऊक होत नाही. दिवाळीच्या दिवसांत हे चित्र सगळ्यांच्या फोनवर फिरतं, तेव्हा त्यातला काळोख किती थरांचा आहे तेवढं एकदा मोठं करून बघा.

मग नोव्हायला समोर पाहण्यासारखं काय आहे? लोक ऑक्टोबरकडे बोट दाखवतात. शुगर मेपल तांबडाभडक होतो, रस्त्यांवरून दुथडी रंग वाहतात, फेसबुक भरून जातं. चित्रकाराने या मोहापासून जपून राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. निसर्गानेच इतका ओरडून सांगितल्यावर कागदावर पुन्हा तेच ओरडण्यात गंमत उरत नाही. लाल आणि नारिंगी शेजारी-शेजारी ठेवले की चित्राचं कॅलेंडर होतं. इथला खरा ऋतू नोव्हेंबर. मोठ्या सरोवरांचं पाणी अजून उबदार, वरून थंड वारा, त्यामुळे दिवसच्या दिवस आभाळ ढगांनी बंद. सगळी झाडं उघडी होतात, फक्त ओक आणि बीचची काही झाडं वाळकी पिंगट पानं अंगावर ठेवून हिवाळाभर उभी राहतात. करड्यावर पिंगट. इंटरमिजिएटच्या डब्यातले दोन रंग पुरतात.

ते पाहायला एट माइलवर मेबरी स्टेट पार्क आहे. डेट्रॉइट शहराने क्षयरोग्यांसाठी बांधलेलं आरोग्यधाम १९६९ पर्यंत इथे होतं. स्वच्छ हवेसाठी माणसं शहराबाहेर आणून ठेवायची ही मिरजेच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामासारखीच कल्पना. आता तिथे जंगलवाटा आणि सायकलवाटा आहेत. थोडं लांब केन्सिंग्टन मेट्रोपार्कला सँडहिल क्रौंच माणसाला न बुजता पायवाटेवरून चालतात, आणि तेही पिंगट-करडेच, डोक्यावर तेवढा लाल ठिपका. उन्हाळ्यात डास, हिवाळ्यात बर्फ, म्हणून इथल्या बहुतेकांचा स्टुडिओ म्हणजे गाडी. स्टिअरिंगला बोर्ड टेकवायचा, कपहोल्डरमध्ये पाणी, हीटर बंद. बाहेर उभं राहून काम करणारे काही अमेरिकन चित्रकार पाणी गोठू नये म्हणून त्यात व्होडका घालतात. आपल्यातल्या एकदोघांनी ही युक्ती घरी सांगितली, तेव्हा बाटली आणण्याचं कारण कुणालाच पटलं नाही.

नेपियर रोडवर व्हिला बार नावाची एक जागा आहे, आणि नोव्हायच्या मराठी माणसांपैकी फारच थोडी तिथे गेलेली असतात. डेव्हिड बार हा शिल्पकार तिथे राहत आणि काम करत असे. २०१५ मध्ये तो गेला. त्याचं घर, स्टुडिओ आणि भोवतीची शिल्पं आता शहराच्या ताब्यात असून तिथे सार्वजनिक कला उद्यान आहे. मॅकम्ब कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाने १९७६ ते १९८५ या काळात एक अचाट काम केलं: पृथ्वीच्या पोटात एक अदृश्य चतुष्फलक कल्पून त्याची चार टोकं जिथे जमिनीवर येतील तिथे, म्हणजे ईस्टर बेट, ग्रीनलंड, न्यू गिनी आणि दक्षिण आफ्रिका इथे, संगमरवराची छोटी टोकं पुरली. डेट्रॉइटच्या हार्ट प्लाझातल्या कामगारांच्या स्मारकाच्या पोलादी कमानीही त्याच्याच, सर्जियो दे जुस्ती या शिल्पकारासोबत केलेल्या. जगाला गवसणी घालणारी कल्पना घेऊन माणूस नोव्हायला राहिला. इथे कलेला वातावरण नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा नेपियर रोडला जाऊन यावं.

आणि डेट्रॉइटला तर जावंच. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये मोटार उद्योगावर केलेली २७ भित्तिचित्रं आहेत. खर्च एडसेल फोर्डने केला. २०१२ साली वेन, ओकलंड आणि मॅकम्ब या तीन काउंटींतल्या मतदारांनी संग्रहालयासाठी मालमत्ता कर वाढवून घेतला, म्हणून नोव्हायच्या रहिवाशाला तिथे प्रवेश मोफत. आपण घराच्या करातून ते पैसे भरतोच. मग न जाणं हे शुद्ध नुकसान. रिव्हेराच्या भिंतींपुढे जलरंगवाल्याने जास्त वेळ थांबावं, कारण फ्रेस्को हेही पाण्याचंच काम. पाण्यात कालवलेला रंग ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर. डिंकाचं काम चुना करतो. मदतनीस रात्री गिलावा द्यायचे आणि तो सुकायच्या आत त्या दिवसाचा तुकडा उरकावा लागे. फोर्डच्या रूज कारखान्याच्या यंत्रांची ती अजस्र भिंत अशा एकेका दिवसाच्या ओल्या तुकड्यांनी बनली आहे. ज्यांच्या घरी कुणी ना कुणी मोटार कंपनीत आहे, त्या लेकरांना हे दाखवायला शाळेच्या सहलीची वाट का पाहायची?

हस्तकलेकडे येते. जलरंग एकट्याचा, हस्तकला चार जणींची, आणि नोव्हायच्या मराठी वर्षाचं वेळापत्रक खरं तर हस्तकलेवर चालतं. नाताळ संपला की दुकानांत सोनेरी फिती, मणी, कृत्रिम फुलं सत्तर टक्के सवलतीत मिळतात. ती जानेवारीत घेऊन सप्टेंबरच्या गणपतीसाठी ठेवायची. हॅलोविन उतरलं की नारिंगी दिव्यांच्या माळा. मालाची खोकी वर्षभर जमवायची, कारण मखराचा सांगाडा त्याच पुठ्ठ्याचा. कापायला क्रिकटचं यंत्र किंवा ग्रंथालयाची मेकरस्पेस. जोॲन या कापड-हस्तकलेच्या साखळीने दिवाळखोरीनंतर मे २०२५ अखेरीस देशभरातली आठशेच्या आसपास दुकानं बंद केली, तेव्हा इथल्या बायकांनी खरोखर सुतक पाळलं. कापड हाताने चाचपून, वाराने मापून घ्यायची एक जागा गेली.

सगळ्यात अवघड काम आकाशकंदिलाचं. पारंपरिक कंदिलाला बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ, बाजूच्या करंज्या, खाली झिरमिळ्या. इथे कामट्यांऐवजी कबाबच्या काड्या किंवा सुताराच्या गोल लाकडी दांड्या येतात. त्या वाकत नाहीत, म्हणून गोल कंदील सोडून द्यायचा आणि षटकोन धरायचा. काडीला काडी दोऱ्यानेच बांधायची. गरम गोंदाचा सांधा कडक थंडीत ठिसूळ होतो आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात सुटतो. पतंगी कागद ओल्या बर्फात लगदा होतो, म्हणून आर्किटेक्टचा ट्रेसिंग पेपर जलरंगाने रंगवून वरून व्हार्निशचा हात. झिरमिळ्या मात्र कागदाच्याच हव्यात. प्लॅस्टिकच्या फितींना तो सळसळता आवाज नाही. २०२४ साली लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. दारात टरबूजाएवढे भोपळे, वर कंदील, खाली रांगोळी, आणि चेटकिणींचे टोप घालून आलेल्या पोरांच्या पिशव्यांत चॉकलेटबरोबर चकल्या. शेजाऱ्यांनी कंदिलालाही हॅलोविनचीच सजावट समजून दाद दिली. आम्ही ती घेतली.

इथवर सगळं गोड आहे. आता जे बोललं जात नाही ते. सार्वजनिक गणपतीचं मखर, दिवाळी कार्यक्रमाचा नेपथ्यपडदा, संक्रांतीचं वाण, पाडव्याच्या गुढ्यांची कमान: हे सगळं या तळघरांतून येतं. मंडळांच्या अंदाजपत्रकात हॉलचं भाडं असतं, जेवणाचा कंत्राटदार असतो, ध्वनिव्यवस्था असते, भारतातून येणाऱ्या गायकाचं विमानभाडं आणि मानधन असतं. सजावटीपुढे असते सामानाची रक्कम, तीही पावत्या दिल्या तर. मजुरीचा रकाना नसतो. एका वर्षी पुठ्ठ्याचा, हाताने रंगवलेला गाभारा आम्ही तिघींनी उन्हाळाभर खपून उभा केला. एका मंडळाच्या कार्यक्रमात त्याच्यासमोर शेकडो फोटो निघाले, आणि हॉल रात्री दहाला रिकामा करायचा म्हणून कुणीतरी तो मोडून मागच्या कचराकुंडीत टाकला. विचारायला फोनसुद्धा आला नाही. कार्यक्रमाच्या स्मरणिकेत दात्यांची नावं होती, प्रायोजक रिअल्टरचा फोटो पानभर होता.

सेवा म्हणून केलेल्या कामाचे पैसे कसे मागायचे, असा युक्तिवाद नेहमी होतो. ढोल-ताशाचं पथकही सेवाच करतं, आणि त्यांच्या ढोलांची, ट्रकची, जेवणाची सोय आपण बिनतक्रार करतो. बायकांनी घरात बसून केलेलं काम तेवढं फुकटात निघतं, कारण ते कुणाला दिसत नाही. मिशिगनमध्येच हाताच्या कामाला मान देणाऱ्या संस्था आहेत. डेट्रॉइटची पेवाबिक पॉटरी मेरी चेस पेरी या बाईने १९०३ साली सुरू केली. आज ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिच्या टाइल्स लोक पैसे मोजून घरात लावतात. मिशिगन वॉटर कलर सोसायटी १९४६ पासून चालू आहे. ॲन आर्बरला १९६० पासून दर जुलैत रस्त्यावर कलामेळा भरतो, आणि तिथे वाटीला, टोपलीला, कागदी दिव्याला किंमतीची चिठ्ठी असते. आपणही तिथून घेतो, घासाघीस न करता.

तेव्हा दिवाळी उरकल्यावर मंडळाच्या नव्या कार्यकारिणीत तुमचं नाव येणार असेल, तर अंदाजपत्रकात सजावटीच्या मजुरीचा रकाना घाला, मखराशेजारी करणाऱ्यांच्या नावांची पाटी लावा आणि कार्यक्रम संपल्यावर ते मोडण्याआधी त्यांना विचारा. कार्यकारिणीत नसाल, तर निदान एवढं करा: कुणाच्या घरी भिंतीवरचं चित्र आवडलं, तर ‘मलापण एक करून दे ना’ म्हणण्याऐवजी किंमत विचारा. तिच्याकडे कामाचा परवाना नसेल तर ती तसं सांगेल. मग पुढच्या वेळी जाताना तिच्यासाठी कागदाचा एक ब्लॉक घेऊन जा. ३०० ग्रॅमचा, सुती.